सरावाचा फोल्डर

आईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. देवाने तिला गळाच असा दिला होता, की तिने नुसता पत्ता विचारला तरी माणसं थांबून ऐकत. मुलगा प्रोग्रामर. त्याने मनाशी धरलं, आवाज आधी साठवायचा. पुढे आईने टाइप करावं आणि संगणकाने तिच्याच आवाजात बोलावं. तीन आठवडे ती रोज माइकसमोर बसून कागदावरची वाक्यं वाचायची.

"असं कुणी बोलतं का रे? तुझ्या यंत्राला जरा माणसांत बसव."

तेही रेकॉर्ड व्हायचं. तो ते पुसत नसे.

त्याने दोन फोल्डर केले होते, एक खरा, एक सरावाचा. प्रत्येकात एक इवलीशी फाइल. टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, फोल्डरात शिरलं, की ती फाइल शेलला, ते हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामला, सांगायची, रेकॉर्डिंग अमुक जागी आहेत. बाहेर पडलं की शेल ते विसरायचं. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी शेल तिचं ऐकायचं नाही, लाल ओळीत म्हणायचं, आधी परवानगी दे. व्यवस्था चोख होती. घोळ त्याच्याच एका सोयीत होता. नको ती रेकॉर्डिंग पुसणाऱ्या साफसफाईच्या प्रोग्रामला त्याने सांगून ठेवलं होतं, जागा कळली नाही तर खरी धर. रोजचं काम तिथंच असायचं ना.

ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. दुपारी त्याने सरावाच्या फाइलमधलं जागेचं नाव जरासं सुधारलं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत वाटीवर चमचा वाजला. आई आता अशीच हाक मारायची. "आलो गं," म्हणत त्याने उठता उठता साफसफाई सुरू केली आणि गेला. तिला पाणी दिलं, उशी सारखी केली, परत आला. पडद्यावर लाल ओळ तशीच होती, परवानगी दे. खाली पुसलेल्या फाइलींचा आकडा होता, दोन हजार शंभर. सरावाच्या तर चाळीसच होत्या. परवानगीविना जागा कळली नव्हती, प्रोग्रामने खरी धरली होती.

दुसरी प्रत तो सगळं नीट लावून झाल्यावर काढणार होता.

संध्याकाळपर्यंत त्याने जाणकारांना फोन केले, डिस्क खरवडून पाहिली. हाती काही लागलं नाही.

ताई फोनवर म्हणाली, "इतक्यात सांगू नकोस. तिला यंत्रातलं काय कळतंय?"

"माझ्यातलं कळतं," तो म्हणाला.

आई पलंगावर पाटी घेऊन बसली होती. त्याने काही न लपवता सांगितलं. तिने पेन्सिल उचलली. मग लिहिलं, सगळा गेला?

"सगळा."

तिने पदराने पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, तुला तरी आठवतो ना?

"आठवतो."

ती त्याचा चेहरा न्याहाळत राहिली. त्याचं लहानपणापासूनचं खोटं तिला तिथेच सापडायचं. त्या संध्याकाळी ते खरं होतं. आणखी किती दिवस खरं राहील, हे एका देवालाच ठाऊक. तिने विचारलं नाही. पाटी बाजूला ठेवली आणि औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवलं. वेळ झाली होती.