बोथट सुरी

आमचे हे गेले, त्यापेक्षा जास्त धसका मी लेकीच्या एका बोलण्याचा घेतला. हॉस्पिटलमधून टॅक्सीने घरी येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, बरं झालं मी सुरीची धार घालवली होती. नाहीतर बाबा तिथल्या तिथे गेले असते. दोन दिवस तरी मिळाले."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "हो गं बाई," म्हटलं.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. नोकरी संपली आणि लाकूड कोरायचं वेड लागलं. घरात खाणारी तोंडं तीन आणि चमच्यांनी बरण्याच्या बरण्या भरलेल्या! शिवाय हत्ती, घुबडं, पोक आलेले म्हातारे. "भुसा खाऊनच पोट भरा आता," मी म्हणायचे. हे हसायचे आणि बाल्कनीत पुन्हा कोरत बसायचे.

मग हृदयाचं ऑपरेशन झालं, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, साधं कापलं तरी रक्त लवकर थांबायचं नाही. लेक औषधांच्या दुकानात कामाला, तिला त्या गोळ्यांची चांगली माहिती. सांगून सांगून ती थकली. सुरी लपवली तर हे रुसून जेवेनात. शेवटी एका सकाळी हे अंघोळीला गेलेले असताना तिने कुंडीच्या कडेवर सुरी घासून बोथट केली. मला पत्ता नाही, ह्यांनाही नाही.

हे बसले मांडीवर लाकूड टेकवून. "हातात जोरच राहिला नाही गं," म्हणाले. आदल्याच संध्याकाळी सुरीला धार लावलेली, तिच्यावर संशय कशाला येईल? ऑपरेशनने आपलीच ताकद गेली असं वाटलं त्यांना. मी भांडी घासता घासता ओरडले, "मग सोडा ना एकदाचं!" त्यांनी दातओठ खाऊन रेटा दिला. सुरी लाकडावरून सटकली आणि मांडीत घुसली.

लाकूड कोरणारं कुणीही सांगेल, धारदार सुरी हलक्या हाताने चालते आणि लाकडातच राहते. बोथट सुरीला रेटावं लागतं, आणि रेटलेली सुरी कुठे जाईल ते देवालाही ठाऊक नसतं. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. लेकीने मात्र त्या पसाऱ्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. बापावर तिचा जीव, त्याला जपायलाच तिने ते केलं. राग आला का मला? आला! त्या टॅक्सीत तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठांवर आलेलं गिळून टाकलं. नवरा गेलाच होता, लेक घालवायची नव्हती. मी मेले तरी हे तिला कळू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं.

चार दिवसांनी घड्याळजी भेटायला आले. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ह्यांचे जिवलग, आणि त्याच वेडातले. बसले, डोळे पुसले, म्हणाले, "वहिनी, त्याची काहीतरी आठवण द्या." मी घुबड दिलं, हत्ती दिला. उठा आता, असं मनात घोकत होते. तेवढ्यात लेक म्हणाली, "काका, बाबांची सुरीच घेऊन जा. आमच्याने ती बघवत नाही." मी पिठाच्या डब्यामागे दडवली होती, कार्टीने बरोबर शोधली. 'अगं थांब' म्हणेपर्यंत त्यांच्या हातात ठेवून चहा करायला आत गेलीसुद्धा.

घड्याळजींनी सवयीने धारेवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. सुरी उजेडाकडे धरली. "ही कुणी..."

"मी!" मी म्हटलं. "मीच घासली. ह्यांना लागू नये म्हणून. आता काही बोलू नका, पाया पडते तुमच्या."

मला वाटलं, विषय मिटेल. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"वहिनी! अहो, काय करून बसलात हे? बोथट होती म्हणूनच सटकली ती! धार असती तर माझा दोस्त आज इथे बसून चमचा कोरत असता. तुम्ही मारलंत त्याला, तुम्ही!"

मी हात जोडून त्यांना गप्प करत होते. आतला कपबशांचा आवाज बंद पडला होता. मान वळवली तर लेक दारात उभी.

"काका, आईला बोलू नका," ती म्हणाली. "ती खोटं सांगतेय."

"तू गप्प बस!" मी किंचाळले. "त्यांना काय कळतंय त्यातलं? घड्याळं उघडतात ते!"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या समोर येऊन खाली बसली आणि अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे धार असती, तर बाबा वाचले असते?"

घड्याळजींच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. ते माझ्याकडे बघायला लागले, मग तिच्याकडे. मी डोळ्यांनी भीक मागत होते, नाही म्हणा हो, एकदा नाही म्हणा. मग त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या लेकीला तेवढं उत्तर पुरलं.