दुपारचं इंजेक्शन

बबडीला जेवणाआधी इन्सुलिन लागतं, हे शाळेला ती पहिलीत होती तेव्हापासून ठाऊक होतं. तेव्हा शाळेत सिस्टरची खोली होती. एक खाट, एक छोटा फ्रिज, आणि पोरीला सुई टोचून "आता डबा संपव, नाहीतर माझ्याशी गाठ आहे" असं दटावणारी सिस्टर. मग साथ आली. शाळा बंद पडली, महिन्यांनी उघडली, आणि नेमकी तेव्हाच शाळेला सिस्टरची खोली अडगळ वाटायला लागली. खोलीत सॅनिटायझरचे कॅन भरले, सिस्टरच्या हातात ताप मोजायची बंदूक दिली आणि तिला गेटवर उभी केली. वर ताकीद, कुठल्याही मुलाला हात लावायचा नाही. काय डोकं चालवलंय बघा.

मग सुई कोण टोचणार? आईनं. तीही गेटबाहेरून, गजांमधून हात घालून, कारण पालकांना आत मज्जाव. आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. रोज दुपारी मुकादमाची बोलणी खाऊन धावत यायची, सगळ्यांदेखत पोरीचा शर्ट वर करून टोचायची, "लगेच जेव गं" म्हणायची आणि उलट्या पावली पळायची.

त्या दिवशी परत येऊन तिनं चादरींचा एक ढीग संपवला, तोच शाळेच्या क्लार्कचा फोन. "मुलीला घाम फुटलाय, थरथरतेय. लक्षणं दिसतायत. वेगळ्या खोलीत ठेवलंय, घेऊन जा."

"जेवली का ती?"

"डबा वर्गातच आहे. हात धुवायच्या रांगेत होती, तेवढ्यात सुट्टी संपली."

आई ओरडली, "अहो, तिची साखर उतरलीय. साखर द्या तिला, आत्ताच्या आत्ता. तुमच्या चहातली द्या."

"त्या खोलीत कुणी जायचं नाही, असा नियम आहे."

इस्त्री बंद केली की नाही, हेही आईला आठवेना. त्या क्लार्कचा, हेडसरांचा आणि ज्या कुणी हा नियम काढला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती रस्ताभर धावली. गेटवर दुपारच्या पाळीच्या मुलांची रांग लागली होती. सिस्टरला कुणी काही कळवलंच नव्हतं. "बबडीची साखर..." एवढं कानावर पडलं मात्र, तिनं बंदूक वॉचमनच्या हातात कोंबली आणि दोघी पळत सुटल्या.

खेळाच्या सामानाची खोली. दाराला बाहेरून कडी. आत चटयांच्या ढिगाला टेकून पोर बसली होती, घामानं निथळत, डोळे अर्धवट मिटलेले. नशीब की गिळता येत होतं. आईनं पर्समधली साखरेची पुडी फोडून बाटलीतल्या पाण्यात ढवळली, सिस्टरनं मान धरली. "पी बाळा, हळूहळू पी." बऱ्याच वेळानं पोरीनं आईकडे ओळखीच्या नजरेनं पाहिलं.

हेडसर व्हरांड्याच्या पार टोकाला उभे होते. "अहो, मास्क नाकावर घ्या," ते म्हणाले.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं नाक तिथून दिसतं तुम्हाला? आणि माझी पोर दिसली नाही?"

"हे सगळं मुलांच्या सुरक्षेसाठीच..."

"कुठल्या मुलांच्या?" सिस्टर म्हणाली. "सर, ते कॅन बाहेर काढा. उद्यापासून मी माझ्या खोलीत बसणार. कामावरून काढायचं तर खुशाल काढा."

त्यासाठी समितीला विचारावं लागेल, असं हेडसर म्हणाले.

आईचा जीव आता कुठे थाऱ्यावर आला होता, आणि राग निघाला तो पोरीवर. "आणि तू गं? तोंड शिवलं होतं का तुझं? साखर उतरलीय, एवढं सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं ना," बबडी म्हणाली. "बाईंना सांगितलं. क्लार्ककाकांना सांगितलं. सरांना पण खिडकीतून सांगितलं. सगळे लांब उभे राहून हो म्हणाले."