कोपराने उघडणारा ओव्हन

हेनिंग डेपेनब्रोक माझ्या दुकानात आला तो हातात एक जाडजूड माहितीपत्रक घेऊनच. रुग्णांसाठी पलंग, काठ्या आणि न्हाणीघरातल्या दांड्या विकणाऱ्या कुणाचं तरी होतं ते. त्याने ते माझ्या टेबलावर उघडून ठेवलं आणि एका चित्रावर बोट आपटलं.

"आईसाठी असं स्वयंपाकघर हवंय. छोटं. शेगडी नको, ओव्हन नको. एक फ्रिज, एक मायक्रोवेव्ह, आणि दारांना ही असली हँडलं."

चित्रातली हँडलं मनगटाएवढी जाड होती. दवाखान्यात आधाराला लावतात तसली, स्टीलची.

"आणि आईंना काय हवंय?" मी विचारलं.

"आईला विचारलं तर ती परत स्वयंपाक करायला लागेल."

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मला हसू आवरावं लागलं. जर्मनीतल्या आमच्या या लिपे भागात माणसं मुळातच कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यात विनोद असेलच असं नाही. हेनिंग वायरमन होता, वायरी सोडून कशावर त्याचा भरवसा नव्हता. पण रोझविथा डेपेनब्रोक हे नाव मला ठाऊक होतं. गावाबाहेरच्या वळणावर त्यांची खाणावळ होती. त्यांच्या हातचा पिकर्ट, म्हणजे किसलेला बटाटा, पीठ, यीस्ट आणि मनुका घालून फुगवलेली जाड भाकर, खायला लोक टेकडीपलीकडून यायचे. खाणावळ आता बंद होती.

"उद्या येऊन बघते," मी म्हटलं.

मी स्वयंपाकघरं आखते. आमच्याकडे दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या कपाटांच्या कारखान्याच्या अंगणात पडतो. माझे वडील कपाटांची दारं कापायचे, मी ती कागदावर काढते. बिनहँडलची, सपाट, भिंतीसारखी शांत दिसणारी स्वयंपाकघरं हा माझा हातखंडा. फ्रिज कुठे आणि कपाट कुठे हे पाहुण्याला कळत नाही, तेव्हा माझं काम झालं असं मी समजते. ही श्रीमंतांची थेरं आहेत असं पुष्कळजण म्हणतात. म्हणोत.

दुसऱ्या दिवशी रोझविथाबाईंनी दार उघडलं ते कोपराने. खाणावळीच्या वरच त्या राहत. उंच, रुंद खांद्यांची बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले. हात मात्र पोटाशी धरलेले. संधिवाताने बोटं एका बाजूला वळली होती, वाऱ्याने गवत लवावं तशी.

"तुम्ही आल्मुट स्टाइनक्र्योगर ना? तुमचे वडील माझ्याकडे यायचे. कलेजीचं सॉसेज लावून पिकर्ट खायचे आणि वर बिटाचा पाकही मागायचे. दोन्ही एकदम. कसली ती चव!"

"अजून तसंच खातात," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात शिरले आणि जागीच थांबले. प्रत्येक हँडलला एक फडकं बांधलेलं होतं. फ्रिजला, कपाटांना, खणांना, सगळ्यांना. फडक्यांचे फास करून लोंबते सोडले होते. रोझविथाबाईंनी फ्रिजच्या फासात मनगट अडकवलं, अंग मागे टाकलं आणि दार उघडून दूध काढून दाखवलं.

"हेनिंग म्हणतो, मोठी हँडलं लावू. अहो, हँडल मोठं असो की लहान, धरावं तर लागणारच ना? धरणंच तर गेलंय."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. दोन हिवाळ्यांपूर्वी खाली खाणावळीत ओव्हनचं हँडल बोटांतून निसटलं, दार फटकन वर आलं आणि पिकर्टचा तापलेला साचा त्यांच्या पावलावर पडला. पाऊल बरं झालं. पण हेनिंगने खाणावळीला कुलूप घातलं, वरच्या शेगडीचा फ्यूज काढला आणि घरी घेऊन गेला. तेव्हापासून तो रोज दुपारी कामावरच्या कँटीनमधून आईसाठी डबा आणतो.

"चांगला मुलगा आहे," बाई म्हणाल्या. "पण त्या कँटीनवाल्याने कधी बटाट्याची चव बघितलीय की नाही कुणास ठाऊक. मला स्वयंपाक करायचाय, आल्मुट. खेळ म्हणून नाही, खराखुरा. मला असं स्वयंपाकघर द्या ज्याला धरावं लागत नाही."

मी फासात अडकलेल्या त्या मनगटाकडे बघत होते. "रोझविथाबाई, ते तर मी रोजच विकते. आतापर्यंत मात्र लोकांना दिसायला छान म्हणून विकत होते."

पुढच्या आठवड्यात त्या दुकानात आल्या. हेनिंगही आला, पाठीमागे हाताची घडी घालून उभा राहिला. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. "दाबून बघा," एवढंच म्हटलं.

त्यांनी मोठ्या खणाला मांडीने धक्का दिला. खण अलगद बाहेर आला. पुन्हा धक्का दिला, आत गेला. उंच कपाटाला त्यांनी खांदा लावला. भांडी धुण्याच्या मशीनवर दोनदा टकटक केलं की ते आपण होऊन उघडायचं, तिथे त्या थबकल्या.

"दार ठोठावायचं?"

"ठोठावायचं."

त्यांनी कोपराने ठोठावलं. मशीन उघडलं. "बरी रीत आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या हेनिंगला अजून जमत नाही."

हेनिंग छताकडे बघू लागला.

ओव्हनपाशी मात्र अडलं. त्याची काच बोटाच्या नुसत्या स्पर्शाने उघडणारी होती. बाईंनी कोपर टेकवलं, काहीच झालं नाही. पुन्हा टेकवलं. काचेला उघडी कातडी लागते, आणि त्यांनी जाड लोकरीचा स्वेटर घातला होता.

"बघ," हेनिंग म्हणाला. "नखरे आहेत नुसते. आई, आपल्याकडे अर्धं वर्ष थंडी असते. तू काय उघड्या हातांनी हिंडणार आहेस?"

"हा नको," मी म्हटलं. "तो पलीकडचा बघा." दुसरा ओव्हन नुसत्या स्पर्शाने नव्हे, खरोखर दाबून उघडायचा होता. पट्टीवर भार पडला की मोटर दार खाली घेई आणि आतली जाळी आपसूक बाहेर सरके. बाईंनी स्वेटरसकट कोपर रेटलं. दार सावकाश, सभ्यपणे खाली गेलं. बाईंनी ते तीनचार वेळा उघडलं, मिटलं. त्यांचे गाल लाल झाले होते.

"हेनिंग," शेवटी त्या म्हणाल्या, "फ्यूज."

"नाही देणार."

"मी तुझी आई आहे."

"म्हणूनच नाही देणार! तू खाली पडली होतीस, साचा पायावर होता, आणि मी फोन करकरून थकलो होतो. तू उचलत नव्हतीस. मी आलो तेव्हा तू जमिनीवर बसून मनुका गोळा करत होतीस. मनुका!"

बाईंनी आपले वाकडे हात त्याच्या बाहीवर ठेवले. पकडता येत नव्हतं, नुसते ठेवले.

"त्या दिवशी मी घाबरले नव्हते, रे. नंतर तू जे शांत घर करून ठेवलंस ना, त्याला घाबरते."

मी मध्ये पडले. पडायलाच हवं होतं. "नव्या स्वयंपाकघराला जुना फ्यूज चालणारच नाही. सगळी वायर नवी टाकावी लागेल. मी माझा वायरमन पाठवते."

"माझ्या आईच्या घरात दुसरा वायरमन?" हेनिंग एकदम ताठ झाला.

"मग तुम्ही टाका."

त्याने टाकली. तोंड पाडून, पण अशी नेटकी टाकली की माझ्या वायरमनने येऊन फोटो काढले. ओव्हनची जागा मी ओट्याच्या बरोबर उंचीला धरली होती, म्हणजे जाळी बाहेर आली की साचा उचलायचा नाही, तसाच ओट्यावर सरकवायचा. रंग बाईंनी निवडला: गडद हिरवा, देवदारासारखा. सगळी भिंत एकसंध. फडकी त्यांनी स्वतः सोडून धुवायला टाकली.

आणि पहिल्याच रविवारी सकाळी फोन आला.

"आल्मुट, तुमचं स्वयंपाकघर मला ढकलतंय."

मी गेले. हेनिंग आधीच हजर होता, आणि चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"करून दाखवा," मी बाईंना म्हटलं.

त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि मळायला सुरुवात केली. बोटांनी नाही, तळहाताच्या मांसल भागाने. त्यासाठी सगळं अंग ओट्यावर टाकावं लागत होतं. पोट आणि मांड्या खालच्या खणांवर रेलत होत्या. रेललं की खण बाहेर, खण बाहेर आला की बाई मागे. पुन्हा पुढे, पुन्हा खण. जणू कुणीतरी त्यांना फुगडीला ओढत होतं.

आधी मी हसले. मग बाई हसल्या. हेनिंग नाही हसला.

"तुम्ही चालता कशा, उघडता कशा हे मी बघितलं होतं," मी म्हटलं. "मळता कशा हे राहिलं होतं. चला, आता बघितलं."

"आता काय करणार?" हेनिंग म्हणाला. "शेवटी हँडलंच लावणार ना?"

"मुळीच नाही."

मी बाईंना पुन्हा पुन्हा मळायला लावलं आणि त्यांचं पोट कुठे टेकतं तिथे खडूने खूण केली. कारखान्यातून त्या भागापुरता नवा ओटा आणवला, वीतभर पुढे आलेला, कडा गोल केलेला. आता अंगाचा भार ओट्यावर पडे, खणांना लागतच नसे. आणि त्याखालचे खण मांडीने उघडायचे बंद करून पावलाने उघडायचे केले: खालच्या पट्टीला बुटाचं टोक लावलं की खण बाहेर. हेनिंगला मी फक्त वायर कुठून आणायची ते विचारलं. तो पोटावर पालथा पडून तासभर ओट्याखाली होता. बाहेर आला तेव्हा केसांत भुसा होता.

"चालेल," तो म्हणाला. लिपेमधल्या माणसाच्या तोंडी हे म्हणजे टाळ्याच.

त्यानंतरच्या शनिवारी रोझविथाबाईंनी जेवायला बोलावलं. मला, माझ्या वडिलांना, खाणावळीत पूर्वी वाढायला असणाऱ्या गुडुलाला आणि तिच्या नवऱ्याला. हेनिंग सकाळपासूनच आला होता. आईला मदत करायला नव्हे, आईला वाचवायला. ओव्हनशेजारी खुर्ची टाकून आग विझवायला बसावं तसा बसला होता.

"बसलाच आहेस तर बटाटे किस," बाई म्हणाल्या.

"मी?"

"मला किसणी धरता येत नाही, आणि आल्मुटने किसणारं कपाट अजून बनवलेलं नाही."

त्याने किसले. बाईंनी पीठ मळलं, गोल कडेवर रेलून, खांद्यांपासून जोर लावत. एकही खण हलला नाही. पावलाने खण उघडून त्यांनी मीठ घेतलं, मांडीने बंद केला. हिरव्या भिंतीसमोर त्या अशा फिरत होत्या की वडील मला म्हणाले, "ही बाई चाळिशीत होती तेव्हाही अशीच नाचायची." बाईंनी ऐकलं. "तेव्हा पाय तुडवायला तुम्ही होता," म्हणाल्या.

मनुकांचा आणि यीस्टचा वास सगळ्या घरात भरला. ओव्हनने घंटी दिली.

हेनिंग उठून उभा राहिला.

"बस," आई म्हणाली.

"आई, साचा जड आहे."

"बस म्हटलं ना."

तो बसला नाही, पण पुढेही आला नाही. बाईंनी दोन्ही हातांत जाड मोजे चढवले, दातांनी ओढून नीट केले आणि कोपर पट्टीवर रेटलं. दार खाली गेलं. वाफ वर आली. जाळी साच्यासकट हळूहळू बाहेर सरकली आणि ओट्याला येऊन भिडली. बाईंनी दोन्ही मनगटं साच्याच्या मागे घातली आणि तो स्वतःकडे नाही, बाजूला, ओट्यावर सरकवला. मग कोपराने दार मिटवलं.

बस्स, एवढंच. भाकरी तव्यावरून उतरवावी इतकं साधं. गुडुला डोळे पुसत होती आणि कांद्यावर ढकलत होती. कांदा कुठेच नव्हता.

पिकर्टचे जाड काप करून लोण्यात परतले. वडिलांनी सॉसेज आणि पाक दोन्ही मागितलं. हेनिंगने पहिला काप संपवला, दुसरा घेतला, तिसऱ्याकडे हात नेला आणि मग आईकडे बघितलं.

"खाण्यासारखा झालाय," तो म्हणाला.

"कँटीनपेक्षा?"

"कँटीनचं नाव काढू नकोस."

जेवण झाल्यावर तो खाली खाणावळीत गेला. बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर कुलूप उघडून, दिवा लावून तो जुन्या स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभा होता. हातात मोजपट्टी होती.

"ही भिंत भार घेणारी आहे का, सांगता येईल?" त्याने विचारलं. "नसेल तर ओव्हन इथे येईल. ओट्याच्या उंचीला."

"आईंना विचारलंत?"

"तिला विचारलं तर ती म्हणेल, एक नको, दोन ओव्हन हवेत."

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "तीन!"

त्या वसंतात खाणावळ पुन्हा सुरू झाली, फक्त शनिवारची. आता दुकानात कुणी येऊन म्हणालं, की बिनहँडलचं स्वयंपाकघर म्हणजे पोकळ दिखावा, तर मी वाद घालत नाही. शनिवारी दुपारी त्या वळणावर जाऊन जेवून या, म्हणते, आणि टेबल आधी राखून ठेवा. जागा मिळत नाही. मागच्या बाजूला बटाटे किसत बसलेला उंच माणूस दिसेल. तो वायरमन आहे, पण शनिवारी वायरीचं काम घेत नाही.