बरगडीवरचा ठिपका

पीएसए तळाला गेलेला आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दुप्पट! श्यामलाबाईंना रिपोर्टातलं एवढंच कळत होतं: पहिला आकडा प्रोस्टेटच्या कॅन्सरचा, दुसरा हाडांचा. म्हणजे मेल्याला तिकडून हाकललं तर हाडांत जाऊन बसला की काय? त्यात आज स्कॅनमध्येही बरगडीवर एक काळा ठिपका निघाला.

डॉक्टर घोषालांनी मनोहररावांना पुन्हा विचारलं, "कुठे पडलात? मार लागला होता?"

"छे!" मनोहरराव म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

"पडतील कुठे?" श्यामलाबाईच बोलल्या. "कॅन्सरच्या इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होतात म्हणालात, तेव्हापासून मी यांना नदी ओलांडायच्या लाँचवर पाय ठेवू दिलेला नाही. शनिवारी तेवढे आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात जातात."

"मग बरगडीत सुई घालून तुकडा तपासावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

 श्यामलाबाईंनी नवऱ्याचा हात धरला, तर तो घामाने चिंब. हा घाम त्यांच्या ओळखीचा होता. बँकेत ऑडिट आलं की असाच फुटायचा.

"अहो, इकडे बघा. काय लपवताय?"

"महिन्यापूर्वी हावड्याच्या घाटावर लाँचमधून उतरताना पाय घसरला," मनोहरराव पुटपुटले. "शनिवारी वाचनालय सांगून मित्राकडे, चंद्रकांतकडे, पत्ते खेळायला जायचो. त्यानेच एक्स-रे काढून आणला. म्हटलं, तुला कळलं तर शनिवारही बंद होईल."

"जळ्ळे मेले ते पत्ते! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलाय!" त्यांनी तिथूनच फोन लावला. "चंद्रकांत भावजी, अळीमिळी गुपचिळी पुरे झाली. एक्स-रेचा फोटो पाठवा. आत्ताच्या आत्ता!"

 फोटो आल्यावर डॉक्टरांनी तो मोठा केला, स्कॅनशेजारी धरला, बरगड्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. श्यामलाबाईंना वाटलं, आता आपलंच काळीज बंद पडणार.

"तीच बरगडी," डॉक्टर म्हणाले. "मोडलेलं हाड जुळतानाही हा आकडा चढतो, ठिपकाही दिसतो. तूर्त सुई नको. दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासू. आकडा उतरायला हवा."

श्यामलाबाईंनी डॉक्टरांदेखत नवऱ्याच्या बरगडीवर बोट दाबलं. "इथे दुखतं?"

"आई गं! दुखतंय ना!"

"दुखू दे," त्या म्हणाल्या, आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या.