बोल्टवरचा तिरका सात

ग्लारूसच्या आमच्या खोऱ्यात जुनी फौजी रायफल नेमबाजीच्या मैदानावर न्यायची, तर ती आधी माझ्या तपासणीच्या टेबलावरून जाते. तीस वर्षं हा मान मिरवतोय मी. त्या शनिवारी रांगेतून फेरेना तिच्या बापाची, बाल्त्सची, रायफल घेऊन आली. मी अलोइस, बाल्त्सचा दोस्त आणि फेरेनाचा गॉटी, म्हणजे धर्मपिता. ती सहा वर्षांची असताना मैदानावर काडतूस मागे फुटलं आणि बाल्त्सचा उजवा डोळा गेला. तेव्हापासून रायफल भिंतीवरच होती. गेल्या वर्षी तो वारला. पोरीनं हिवाळाभर खपून गंज काढला, लाकडाला तेल पाजलं. उद्याच्या स्मरण-नेमबाजीत तिला ती बापाच्या जागेवरून चालवायची होती.

"नंबर जुळतायत, गॉटी. नळीवर आणि बोल्टवर एकच."

नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या त्या बोल्टवर नंबरातला सात तिरका होता. तो सात मीच ठोकला होता. स्वतःच्या लग्नाआधी केव्हातरी बाल्त्सनं रायफल दुरुस्तीला दिली आणि माझ्या हातून तिचा बोल्ट मोडला. सांगायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्या रायफलीचा बसवला आणि त्यावरचा नंबर घासून बाल्त्सच्या रायफलीचा ठोकला. माप घ्यायचीही तसदी घेतली नाही.

आता घेतलं. मापाची कांडी आत घातली. तिच्यावर बोल्ट मिटता कामा नये. मिटला तर मागे फट आहे आणि काडतूस तोंडावर फुटू शकतं.

बोल्ट अलगद मिटला.

"नळी झिजलीय," मी म्हणालो. "नाही चालवायची."

"मग नळी बदलून घेते. बोल्ट तर मूळचाच आहे."

मेल्या, आता तरी तोंड उघड, असं मी स्वतःलाच म्हटलं.

"मूळचा नाही, पोरी. नंबर मी ठोकलाय." मग सगळं सांगितलं, काहीच वगळलं नाही.

फेरेनानं बोल्ट रायफलीतून ओढून काढला.

"म्हणजे बाबांचा डोळा?"

"हो. अपघातानंतर तपासणीही मीच केली होती. दोष काडतुसांवर ढकलला."

"बाबा शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावायचे. जुनी काडतुसं वापरायला नको होती म्हणायचे." तिनं रायफल उचलली, बोल्ट टेबलावरच ठेवला. "आणि म्हणायचे, दवाखान्यात रोज येऊन बसणारा एकटा अलोइसच."

ती गेली. रांगेतल्या पुढच्या माणसानं रायफल पुढे केली. मला काही मान वर करवेना.