पक्का हात

साबणाने घासूनही ज्याच्या तळहातावरचा रंग उतरत नसे, त्याचा हात पक्का झाला असं त्या रंगकारखान्यात मानत. म्हणून कामगार बायकांतल्या सगळ्यांत धाकटीच्या दोन्ही तळहातांवर तांबूस ठिपके उमटले तेव्हा मुकादमाने तिला थेट मोठ्या हौदावर घेतलं. "आता तू आमची," तो म्हणाला. पोटुशी पोर हरखून गेली. इतकी माणसं तिला पहिल्यांदाच आपली म्हणत होती.

मग ताप आला. दिवस गेलेल्या बाईला अंगात कणकण असायचीच, असं सासू म्हणाली. घसा धरला, डोक्याचे केस कसर लागल्यासारखे जागोजागी विरळ झाले. सगळं खापर हौदाच्या वाफेवर फुटलं. वाफ बिचारी काय बोलणार?

एका दुपारी घरी येऊन तिने रबरी बूट काढले, मोजे काढले. तळपायांवर तेच ठिपके होते. ज्या बुटांत रंगाचा थेंब कधी शिरला नव्हता, त्यांच्या अंधारात ते गुपचूप उगवले होते.

तिने नवऱ्याला पाय दाखवले. तो कचेरीत कारकून, रंगाला कधी बोटही न लावलेला. वर्तमानपत्रातून त्याने मान वर केली नाही.

"खाजत नाहीत ना?"

"नाही."

"मग जातील आपोआप."

खाजत नाहीत, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने मोजे परत चढवले.

आणि ठिपके खरंच गेले. तळहात कोरे करकरीत झाले. मुकादम हळहळला, सासू निर्धास्त झाली. धाकटीला मात्र त्या कोऱ्या हातांचीच जास्त भीती वाटू लागली. तपासणीला गेली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं.

रक्ताचा निकाल आल्यावर बाईंनी दार लोटून घेतलं.

"हा सिफिलिस आहे. रंगातून नाही, नवरा-बायकोच्या जवळिकीतून आलाय. डाग गेले तरी रोग आत दबा धरून बसतो, बाळापर्यंतही पोचतो. पेनिसिलिनचं इंजेक्शन आजच देते. बाळ सुखरूप राहायची आशा आहे. नवऱ्यालाही घेऊन ये."

इंजेक्शन चांगलंच दुखलं. ती लंगडत घरी आली.

"तुम्हालाही बोलावलंय, इंजेक्शनला."

"मला नको," तो हळूच म्हणाला. "मी केव्हाच घेतलंय."

तिचा हात आपसूक पोटावर गेला.

"आणि आम्ही दोघं इथे रंग धूत बसलो," ती म्हणाली.