पापण्यांवरच्या खिडक्या

धाकटीने डाव्या हाताची नखं स्वतःच रंगवली होती, आणि ती बघून ताईची बोलती बंद झाली. ताईची बोलती बंद होणं ही साधी गोष्ट नव्हे. ती बसस्थानकावर माइकसमोर बसायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली रखडली, कुणाचं पोर हरवलं, हे साऱ्या प्रवाशांना तिच्याच तोंडून कळायचं. घरी आल्यावरही ते तोंड लगेच मिटत नसे. हिचं बटण कुठं आहे तेच सापडत नाही, असं आई म्हणायची.

पण धाकटीच्या पाच नखांवर पाच उजळलेल्या खिडक्या होत्या. खाली पांढऱ्या रंगाचा थर, त्यावर पिवळाजर्द, आणि वर काळ्या रेघांची चौकट. अंगठ्याच्या खिडकीत एक मांजर पाठमोरं बसलं होतं. तर्जनीच्या खिडकीत कुंडी होती, मधल्या बोटाच्या खिडकीत दोरीवर एकुलता एक मोजा लटकत होता, अनामिकेत कुणीतरी शिडी टेकवून ठेवली होती. करंगळीच्या टिचभर नखावर एक टकला माणूस वाकून खाली बघत होता, आणि त्याला चष्माही होता.

सामान म्हणाल तर सगळं घरातलंच. केसांच्या पिनेचं गोल टोक ठिपके द्यायला. भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजचा तुकडा, रंग सारखा बसावा म्हणून. चित्रकलेच्या जुन्या ब्रशचे चारच केस ठेवून बाकीचे कापून टाकलेले, त्याने रेघा. नखाभोवतीच्या कातडीवर आधी पांढरा गोंद लावून ठेवला होता, म्हणजे बाहेर गेलेला रंग नंतर सालीसारखा सोलून निघतो.

"हे कधी केलंस?" ताईने हातांनी विचारलं.

"काल. तू गाड्या हाकत होतीस तेव्हा."

धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. त्या घरातलं बोलणं हातांनी आणि चेहऱ्याने चालतं. इथे ते शब्दांत लिहिलंय, इतकंच.

"आता उजवा हात तू कर," धाकटी म्हणाली. "डाव्या हाताने मला जमत नाही."

"मला दोन्ही हातांनी जमत नाही."

"म्हणून काय झालं? बस."

ताई बसली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, रविवारची सकाळ, आणि दुपारी वाचनालयाच्या सभागृहात धाकटीची गोष्ट. धाकटी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. वाचनालयाने बोलावलं की ती तिथं जाऊन गोष्ट सांगायची. अर्धी पोरं तिच्या शाळेची असायची, अर्धी इतर शाळांमधली, ऐकू येणारी. धाकटी हातांनी सांगायची, आणि शेजारी ताई माइक धरून त्या हातांना शब्द पुरवायची. या कामाचा ताईला अभिमान होता. बसस्थानकावर काय, पगार मिळतो म्हणून कुणीही बोलेल. इथे ती आपल्या बहिणीचा आवाज होती.

तिने धाकटीचा अंगठा चिमटीत धरला, जीभ दातांत पकडली आणि पहिली उभी रेघ ओढायला घेतली. रेघ बरी चालली होती. तेवढ्यात धाकटीचा मोकळा डावा हात तिच्या डोळ्यांसमोर आला.

"आज माइक नको."

ब्रश नखावरून घसरला तो थेट सांध्यापर्यंत गेला.

"नको म्हणजे?"

"म्हणजे तू नकोस. हवी आहेस, पण मागच्या बाकावर."

एका हाताने बोलणं म्हणजे तोंडात घास असताना बोलणं. तरी ताईला अक्षर न् अक्षर कळलं. तिने ब्रश बाटलीत घातला, झाकण लावलं आणि हात मोकळे करून घेतले, कारण भांडायला दोन हात लागतात.

"पोरांना कळणार कसं? निम्म्यांना तुझी भाषा येत नाही."

"ती माझ्याकडे बघतच नाहीत, ताई. आवाज तुझ्याकडून येतो, म्हणून माना तुझ्याकडे. मी म्हणजे तुझ्या शेजारी फिरत असलेला पंखा."

ताईला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तिने आठवून बघितलं. सभागृहातल्या माना कुठे वळलेल्या असतात ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिचं सगळं लक्ष धाकटीच्या हातांवर, आणि जीव पुढच्या शब्दात. धाकटीला मात्र समोरचं सगळं दिसत होतं. दोन वर्षं ती ते बघत होती आणि बोलली नव्हती.

"वाचनालयाच्या बाईंना सांगितलंस?"

"गेल्या आठवड्यात."

"म्हणजे मलाच शेवटी."

"तुझीच भीती वाटत होती," धाकटी म्हणाली. मग तिने डोळ्यांचं सांगितलं. दहा नखांवर दहा खिडक्या, ती एक इमारत. पण इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या तिला पापण्यांवर हव्या होत्या. डोळे उघडे असले की खिडक्या नाहीत. डोळे मिटले की त्या उजळतात.

नखांचं ठीक होतं. पण हे?

"अगं, डोळे मिटलेस की तुला दिसणार नाही. ऐकू तर येतच नाही. पोरं हसली तर? उठून गेली तर? तुला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"मग?"

"डोळे उघडीन तेव्हा कळेल."

आई पलीकडे मटार सोलत बसली होती. तिला दोघींचं सगळं कळत होतं. ती ताईला तोंडाने म्हणाली, "तू हिचं तोंड हो, असं मीच तुला सांगितलं होतं. तेव्हा ती चार वर्षांची होती, दुकानात जाऊन गोळ्या मागता येत नव्हत्या तिला. आता तिला पांढरे केस यायला लागलेत." आणि तिने एक मटार तोंडात टाकला.

ताईने रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या कापसाने सांध्यावरची रेघ पुसली आणि पुन्हा कामाला लागली. रागात होती तरी हात जपून चालवत होती. तरीही तिच्या खिडक्या एकीकडे कललेल्याच झाल्या, आणि तिचं मांजर बटाट्यासारखं दिसायला लागलं. धाकटीने हात दूर धरून ते काम निरखलं.

"या बाजूचा बिल्डर पैसे घेऊन पळाला," ती डाव्या हाताने म्हणाली. ताईला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच.

मग वरून चकाकीचा शेवटचा थर दोन्ही हातांना लागला, आणि धाकटीला दहाही बोटं पसरून बसणं भाग पडलं. त्या घरात याला जीभ वाळत घालणं म्हणतात. आता पापण्या. ताईने चिकटपट्टीचे तुकडे आधी स्वतःच्या मनगटावर लावून त्यांचा चिकटपणा कमी केला, मग डोळ्यांच्या कोपऱ्यांत बसवले, कडा सरळ याव्यात म्हणून. धाकटीने डोळे मिटले.

आणि ताईचा हात हवेतच थांबला. हात ओले, डोळे बंद. या क्षणी आपल्या बहिणीला काही सांगता येत नाही, आणि तिला काही विचारता येत नाही. जगाशी असलेल्या तिच्या दोन्ही वाटा मिटलेल्या, आणि ती मात्र चेहरा वर करून निवांत बसली होती. तिच्या जागी ताई असती तर एवढ्यात घाबरून ओरडली असती. ताईला तर दिवे गेले तरी कुणाशी तरी बोलत राहावं लागायचं.

तिने बोटाच्या टोकाने पापणीवर पांढरी पेन्सिल पसरली. त्यावर पिवळी आयशॅडो, जुनी, तुकडे झालेली, थेंबभर क्रीममध्ये कालवून घेतलेली. त्यावर चार केसांच्या ब्रशने आडवी एक आणि उभी एक बारीक काळी रेघ. पापणीखाली डोळ्याचा गोळा किंचित हलत होता, आणि तो हलला की ब्रश थांबत होता. नखांवर थरथरलेला तिचा हात इथे मात्र एकदाही हलला नाही. का, ते तिलाही कळलं नाही. पट्ट्या निघाल्या. झालं, हे सांगायला तिने धाकटीच्या कपाळावर फुंकर मारली, पण धाकटीने डोळे लगेच उघडले नाहीत. बहुतेक रंग सुकू देत होती.

ताई बघत राहिली. रोजचाच चेहरा, डाव्या भुवईपाशी लहानपणीची खोक असलेला, आणि त्यात दोन खिडक्या उजळल्या होत्या. आत कुणीतरी जागं असावं, असंच वाटत होतं. आई मटार सोडून उठून आली आणि तीही तिथे उभी राहून बघायला लागली.

दुपारी ताई सभागृहाच्या शेवटच्या बाकावर, अगदी कडेला, भिंतीला टेकून बसली. तिला माइक नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. तिने ते मांड्यांखाली दाबून ठेवले. पोरांनी सभागृह गच्च भरलं होतं. लाकडी रंगमंचावर एकच दिवा, आणि त्या उजेडात धाकटी काळ्या कपड्यांत उभी.

"आवाज कधी येणार?" मधल्या रांगेतून एका मुलाने विचारलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. ताईने मांड्यांखालचे हात आणखी दाबून धरले.

धाकटीने दोन्ही मुठी वर धरल्या. काहीच नाही, नुसता अंधार. मग एक बोट उघडलं, आणि पिवळी खिडकी उजळली. दुसरं बोट, दुसरी खिडकी. मांजर इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण मांजराची आळस देऊन वळलेली पाठ धाकटीच्या खांद्यांत आली, तेव्हा पोरं खुदकन हसली. टकला माणूस खाली वाकला आणि त्याचा चष्मा पडला. तो कुठवर पडत गेला ते धाकटीच्या नजरेने दाखवलं, आणि अख्खं सभागृह त्या नजरेमागोमाग खाली बघायला लागलं.

ताईने आयुष्यभर हे हात वाचले होते, पण आज पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे नुसती बघत होती. शब्द शोधायचे नव्हते, त्यामुळे सगळं दिसत होतं. दोन वाक्यांच्या मध्ये धाकटीचा हात किती वेळ थांबतो, आणि थांबताना तो कसा जिवंत असतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. त्या थांबण्यांत ती माइकवरून बोलत असायची. हे एवढं सगळं आपण झाकत होतो, असं तिच्या मनात आलं, आणि तिचे डोळे भरून आले.

मग गोष्टीतल्या इमारतीची वीज गेली. एकेक बोट मिटलं, मुठी खाली गेल्या, आणि उरला फक्त चेहरा. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक लहान मुलगी एकटी होती. ती घाबरली होती. तिने अंधारातून पलीकडे बघितलं, जिथं समोरची इमारत असायला हवी होती. तिने भुवया उंचावल्या, मान पुढे काढली. कोणी आहे का तिकडे? ती थेट पोरांकडेच बघत होती. मग तिने डोळे मिटले.

दोन खिडक्या उजळल्या. शेवटच्या बाकावरून त्या स्पष्ट दिसत होत्या.

धाकटी तशीच उभी राहिली. ताईचा जीव टांगणीला लागला. सभागृहात चिडीचूप होतं, पण ते धाकटीला कळणार नव्हतं. तिच्या लेखी समोर पोरं असतील किंवा रिकामे बाक असतील, दोन्ही सारखंच. पुरे झालं आता, ताई मनात म्हणाली, उघड. धाकटीने उघडले नाहीत.

पहिल्या रांगेत एका लहान मुलीने डोळे मिटले. ताईला वाटलं, पेंगायला लागली. मग तिच्या शेजारच्याने मिटले. मग त्याच्या पलीकडच्याने शेजारणीला कोपराने ढोसलं, आणि तिने मिटले. माना वर धरलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, काहींची तर नाकंही आक्रसलेली. चिडवतायत, असं वाटून ताईचं रक्त तापलं. आणि मग तिला उमगलं. ही समोरची इमारत होती. वरच्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं होतं ना, कोणी आहे का म्हणून? पोरं उत्तर देत होती. त्यांच्या पापण्यांवर रंग नव्हता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. एकेका रांगेतल्या खिडक्या उजळत गेल्या, पार ताईच्या पुढच्या बाकापर्यंत.

आणि धाकटीने डोळे उघडले.

तिला काय दिसलं असेल? अख्खं सभागृह, आणि एकही डोळा तिच्याकडे नाही. तिच्या चेहऱ्यावरून भीती सरकताना ताईने पाहिली. ती आता काही सांगू शकत नव्हती. हात कितीही सुंदर असोत, मिटलेल्या डोळ्यांना ते काय सांगणार? ताई उठून उभी राहिली. मुलांनो, उघडा डोळे. एवढं एकच वाक्य, तिच्या आवाजाला माइकचीही गरज नव्हती. ते जिभेच्या टोकावर आलं.

धाकटीने तिला पाहिलं. साऱ्या सभागृहात उघडे डोळे त्या दोघींचेच होते. धाकटीचा हात कमरेपाशी जरासाच हलला.

"थांब."

मग धाकटी परत त्या चेहऱ्यांकडे वळली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने ते बघितले, आणि तिलाही कळलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला ताईकडे शब्द नव्हता.

ताईने जिभेवरचं वाक्य गिळलं. ती खाली बसली, आणि धाकटीला राखायचं काम पहिल्यांदाच बाजूला ठेवून तिनेही डोळे मिटले.

अंधार. रंगमंचाची लाकडी पायरी करकरली. कुणीतरी खाली उतरलं. पुढे कुठेतरी एका लहान मुलाने श्वास आत घेतला, आणि शेजारचा बाक वाजला. मग त्याच्या मागचा. काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत येत होतं, कुणी बोलत नव्हतं, नुसते कपडे सळसळत होते. काय चाललंय ते ताईला कळेना. डोळे उघडायचा मोह अनावर झाला होता. तिने बाकाची कड घट्ट धरली आणि उघडले नाहीत.

बऱ्याच वेळाने तिच्या खांद्यावर एक छोटासा, घामेजलेला हात पडला. त्याने दोनदा थोपटलं. धाकटीने पहिल्या रांगेत दिलेली थाप हातोहात इथवर आली होती.

ताईने डोळे उघडले. थोपटणाऱ्या मुलाने तोवर तिच्याकडे पाठही केली होती, कारण रंगमंचावर धाकटीची पहिली मूठ पुन्हा वर गेली होती आणि त्याला काही चुकवायचं नव्हतं. पार पहिल्या रांगेपर्यंत ताईला फक्त पोरांच्या पाठी आणि डोक्यांचे मागचे भाग दिसत होते. सगळ्या माना तिच्या बहिणीकडे होत्या.